शनी एकच, मग राशी दोन कशा? सायन-निरयनाचा सोपा हिशोब

२९ मार्च २०२५ रोजी शनी कुंभ राशीतून मीन राशीत गेला. मेषेला साडेसाती लागली, मकरेची सुटली, आणि आठवडाभर वर्तमानपत्रं, यूट्यूब, व्हॉट्सअॅप यांवर दुसरा विषय नव्हता. त्याच दिवसांत एखादं पाश्चात्य ज्योतिषाचं संकेतस्थळ उघडून पाहिलेल्यांना मात्र वेगळंच वाचायला मिळालं. त्यांच्या हिशोबात शनी ७ मार्च २०२३ पासूनच मीनेत होता. पुढे २५ मे २०२५ ला त्याने तिकडच्या मेषेत पाऊल टाकलं, सप्टेंबरमध्ये वक्री चालीने तो मीनेत परतला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये पुन्हा मेषेत गेला. आपल्या बहुतेक पंचांगांत मात्र २०२७ च्या जूनपर्यंत तो मीनेतच आहे.

आकाशात शनी एकच आहे. दोन्हीकडचे लोक त्याच ग्रहाबद्दल बोलतात आणि त्याची जागाही जवळपास सारख्याच अचूक गणिताने काढतात. मग दोन वर्षांचा फरक येतो कुठून? या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर भारतीय आणि पाश्चात्य ज्योतिषातला बहुतेक गोंधळ सुटतो.

मोजमाप एक, शून्य दोन

वर्षभरात सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या वाटेने फिरताना दिसतो, त्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात. ते वर्तुळ असल्यामुळे ३६० अंशांचं. त्याचे १२ सारखे तुकडे केले की प्रत्येकी ३० अंशांच्या १२ राशी मिळतात. इथपर्यंत पूर्व-पश्चिम असा भेदच नाही.

भेद आहे तो मोजायला सुरुवात कुठून करायची यात. वर्तुळाला टोक नसतं, त्यामुळे शून्य अंश कुठे धरायचा हे ठरवावं लागतं. पाश्चात्य ज्योतिषी शून्य धरतात वसंतसंपातावर, म्हणजे २०-२१ मार्चला दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो त्या बिंदूवर. या पद्धतीला सायन म्हणतात. भारतीय पद्धतीत शून्य ताऱ्यांच्या संदर्भाने पक्कं केलेलं आहे. तिला निरयन म्हणतात. या दोन शून्यांमधलं अंतर म्हणजे अयनांश. भारतात सर्वाधिक वापरला जाणारा अयनांश आज २४ अंश १२ कलांच्या (६० कला म्हणजे एक अंश) आसपास आहे.

भिंतीवर टांगलेल्या एकाच चित्राची जागा दोन माणसांनी टेपने मोजली आणि एकाने आपली टेप दुसऱ्यापेक्षा २४ सेंटीमीटर अलीकडून धरली, तर आकडे वेगळे येतील, चित्र मात्र जागेवरच असेल. सायन आणि निरयन यांचं नेमकं हेच आहे. शनी वर्षाला सरासरी १२ अंश चालतो, म्हणून २४ अंशांना दोन वर्षं.

शून्य सरकतं ते का?

पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तापाशी ती थोडी फुगीर आहे. त्या फुगवट्यावर सूर्य आणि चंद्राची ओढ बसते आणि पृथ्वीच्या आसाची दिशा अतिशय सावकाश फिरत राहते. परिणामी वसंतसंपाताचा बिंदू ताऱ्यांच्या तुलनेत दरवर्षी सुमारे ५० विकला (३,६०० विकला म्हणजे एक अंश) मागे सरकतो. साधारण ७२ वर्षांत एक अंश, आणि एक पूर्ण फेरा सुमारे २५,८०० वर्षांचा. ग्रीक खगोलवेत्ता हिपार्कस याने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात हे सरकणं ओळखलं होतं.

आपल्याकडचा पुरावा तर फारच देखणा आहे. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायणाची, म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकू लागण्याची, सुरुवात सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी असताना सांगितली आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहिलं की जुन्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेपासून होतं असं म्हटलं आहे, पण सध्या ते मकरेच्या आरंभापासून होतं. फरक वाटला तर प्रत्यक्ष निरीक्षणाने खात्री करावी. आज २१-२२ डिसेंबरला, खरं उत्तरायण सुरू होतं तेव्हा, निरयन हिशोबाने सूर्य धनू राशीच्या सहाव्या अंशात, मूळ नक्षत्रात असतो. धनिष्ठा, मग मकरेचा आरंभ, आता मूळ. पूर्वजांनी सांगितलं म्हणून आकाश तिथेच थांबत नाही, आणि हे सांगायला वराहमिहिर कचरला नाही. मला त्याची ही दोन वाक्यं आपल्या परंपरेतली फार मोलाची वाटतात.

मकर संक्रांत हे याच गोष्टीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन मकरेत प्रवेश, आणि तो आता १४ किंवा १५ जानेवारीला होतो. उत्तरायण मात्र त्याच्या तीन आठवडे आधीच सुरू झालेलं असतं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या शेवटाकडे या दोन घटना एकत्र येत होत्या. तेव्हापासून दर ७२ वर्षांना एक दिवस या वेगाने त्या दुरावत गेल्या. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि तारीख आहे १२ जानेवारी. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या दिवशी झाली असं सर्रास सांगितलं जातं, पण गणित केलं तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते.

इंग्रजी पेपरात एक रास, पत्रिकेत दुसरी

५ एप्रिलला जन्मलेला माणूस घ्या. इंग्रजी वर्तमानपत्र त्याला मेष राशीचा म्हणतं, कारण त्या दिवशी सायन सूर्य मेषेच्या १५ अंशांच्या जवळ असतो. त्यातून २४ वजा करा. सूर्य मागे जाऊन मीनेच्या २१ अंशांवर, रेवती नक्षत्रात येतो. पत्रिकेत त्याचा सूर्य मीनेत लिहिलेला असेल. घोळ एवढ्यावर थांबत नाही, कारण आपण 'माझी रास तूळ' असं म्हणतो तेव्हा ती सूर्याची रास नसतेच. ती जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती रास असते. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे ५ एप्रिलला जन्मलेल्यांची चंद्ररास वर्षागणिक वेगळी निघते.

म्हणजे एकाच माणसाला 'तुझी रास कुठली?' असं विचारलं तर तीन खरी उत्तरं असू शकतात: सायन सूर्याची मेष, निरयन सूर्याची मीन आणि निरयन चंद्राची जी निघेल ती. मराठी पेपरातलं राशिभविष्य चंद्रराशीचं असतं, इंग्रजीतलं बहुधा सूर्यराशीचं. एकातलं भविष्य दुसऱ्यातल्या राशीला लावून वाचणारे कितीतरी लोक आहेत.

सूर्यराशीचं वर्तमानपत्री सदर ही तशी अलीकडची गोष्ट. १९३० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये राजकन्या मार्गारेटचा जन्म झाला, तेव्हा 'संडे एक्सप्रेस'ने आर. एच. नेलर या ज्योतिषाकडून तिचं भविष्य लिहून घेतलं. ते वाचकांना इतकं आवडलं की त्यातून नियमित सदर उभं राहिलं. जन्मतारखेवरून सूर्यरास कुणालाही लगेच कळते, तिला जन्मवेळ लागत नाही, म्हणून ही कल्पना जगभर पसरली. मुरलेले पाश्चात्य ज्योतिषीही केवळ सूर्यराशीवर पत्रिका वाचत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आपल्या पत्रिकेत काय वेगळं असतं

महाराष्ट्रात रूढ असलेल्या चौकटीत वरचं मधलं घर लग्नाचं. लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. ती साधारण दोन तासांनी बदलते, म्हणून जन्मवेळेला एवढं महत्त्व. त्या घरात ८ हा आकडा असेल तर वृश्चिक लग्न. आकडा राशीचा असतो, घराचा नव्हे. घरं लग्नापासून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने मोजायची. नवखे लोक इथेच हमखास चुकतात आणि '७ लिहिलंय म्हणजे सप्तम स्थान' असं समजून बसतात.

भारतीय पद्धतीचा खरा कणा म्हणजे नक्षत्रं. तेच क्रांतिवृत्त २७ भागांत वाटलं की प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचं होतं, आणि प्रत्येकाचे चार चरण. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो, त्यावरून विंशोत्तरी महादशा, म्हणजे आयुष्यातले एकेका ग्रहाच्या नावाचे कालखंड, सुरू होतात: केतूची ७ वर्षं, शुक्राची २०, रवीची ६, चंद्राची १०, मंगळाची ७, राहूची १८, गुरूची १६, शनीची १९, बुधाची १७, एकूण १२०. 'सध्या मला राहूची दशा चालू आहे' हे वाक्य पाश्चात्य ज्योतिषाला परकं आहे. तिथे काळ ठरवण्यासाठी मुख्यतः चालू ग्रहांची जन्मग्रहांशी होणारी कोनात्मक गाठ पाहतात.

ग्रहांची यादीही वेगळी. आपले नवग्रह म्हणजे सूर्य, चंद्र, डोळ्यांना दिसणारे पाच ग्रह आणि राहू-केतू. राहू-केतू हे गोळे नव्हेत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू. ग्रहणं तिथेच होतात. पाश्चात्य पत्रिकेत १७८१ साली सापडलेला युरेनस, १८४६ चा नेपच्यून आणि १९३० चा प्लूटो यांनाही मान आहे. पण इथे भिंत पक्की नाही: मराठी ज्योतिषी हर्षल म्हणून युरेनस कित्येक दशकं पत्रिकेत मांडत आले आहेत, आणि कृष्णमूर्ती पद्धतीचे अभ्यासक घरांसाठी पाश्चात्यांचं प्लासिडस गणित वापरतात.

दृष्टीचे नियमही निराळे आहेत, तेवढं थोडक्यात. आपल्याकडे प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या घराकडे पाहतो. शिवाय मंगळ चौथ्या-आठव्या, गुरू पाचव्या-नवव्या आणि शनी तिसऱ्या-दहाव्या घराकडे. पाश्चात्यांत घरं न मोजता ६०, ९०, १२०, १८० असे अंशांतले कोन पाहतात.

'वैदिक' म्हणजे वेदांतलं का?

बहुतांशी नाही, आणि हे सांगण्यात परंपरेचा अपमान नाही. वेदांग ज्योतिष हा यज्ञाच्या वेळा ठरवण्यासाठीचा ग्रंथ आहे. त्यात नक्षत्रं आहेत, तिथी आहेत, अयनं आहेत. पण मेष-वृषभ या राशी नाहीत, आणि जन्मपत्रिकेवरून भविष्यही नाही. नक्षत्रांचा वारसा निःसंशय वैदिक आहे. राशी आणि लग्नकुंडली मात्र बाबिलोन आणि ग्रीक जगातून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भारतात आल्या आणि इथल्या नक्षत्रांशी जोडल्या गेल्या. वराहमिहिराने पाच सिद्धांतांचं सार मांडलं, त्यात रोमक आणि पौलिश या नावांचे सिद्धांत आहेत. ज्ञान कुठून आलं हे त्याने लपवलं नाही.

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने राशींचा आरंभ संपातापासून धरला आणि तोच पश्चिमेत रुळला. त्या काळात दोन शून्यांमधलं अंतर अगदी थोडं होतं, त्यामुळे कुठलं धरलं याने फारसं काही बिघडत नव्हतं. दोन्ही परंपरा एकाच झाडाच्या फांद्या आहेत. मधल्या सतरा-अठराशे वर्षांत आकाशाने त्यांना दूर केलं.

ती तेरावी रास काय आहे?

दर काही वर्षांनी 'नासाने राशी बदलल्या' अशी बातमी फिरते. २०१६ मध्ये ती जोरात फिरली होती. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने आकाशाचे ८८ तारकासमूह आखले, त्यांच्या सीमा १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या सीमांनुसार सूर्य नोव्हेंबरच्या अखेरपासून १७-१८ डिसेंबरपर्यंत भुजंगधारी या तेराव्या समूहातून जातो, आणि वृश्चिक समूहात जेमतेम आठवडाभर असतो. हे खरं आहे. पण तारकासमूह लहान-मोठे असतात आणि ज्योतिषातल्या राशी ३० अंशांचे सारखे तुकडे. सायन असो वा निरयन, दोन्ही पद्धतींत राशी बाराच राहतात. नासाने कुणाची रास बदललेली नाही.

मग निरयन तरी एकच आहे का?

इथे येऊन बहुतेक लेख थांबतात: पाश्चात्य सायन, आपण निरयन, संपलं. पण सामान्य माणसाच्या आयुष्याला सगळ्यात जास्त स्पर्श करणारी गोष्ट यापुढे आहे. ताऱ्यांच्या संदर्भाने शून्य धरायचं हे मान्य केलं, तरी कुठल्या ताऱ्याच्या?

एक मत असं की चित्रा या ठळक ताऱ्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर शून्य धरावं. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेच्या आसपास दिसतो, म्हणजे सूर्य तिच्या समोर असतो, मेषेच्या आरंभी. या चित्रापक्षाचा वेंकटेश बापूजी केतकरांनी हिरिरीने पुरस्कार केला. दुसरं मत रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापाशी शून्य धरण्याचं, आणि टिळक पंचांग त्या रेवतीपक्षाचं आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखे अभ्यासक तर पंचांग सायनच असावं असं म्हणत होते. ही महाराष्ट्रातल्या विद्वानांची, गणिताच्या बळावर झालेली खरीखुरी चर्चा होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी. समितीने पंचांगांसाठी चित्रापक्षाचा अयनांश सुचवला, म्हणून त्याला लाहिरी अयनांश म्हणतात. त्याच समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका, जी २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, तिचं वर्ष मात्र सायन आहे.

चित्रा आणि रेवती यांच्या अयनांशांत जवळपास ४ अंशांचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ. आता एक पत्रिका उघडून पाहू.

समजा, चित्रापक्षाने एका मुलीचा चंद्र मेषेच्या ११ अंशांवर आहे. नक्षत्र अश्विनी, गण देव, नाडी आद्य. जन्मतः केतूची महादशा, तीही जेमतेम सव्वा वर्ष उरलेली, मग शुक्राची २० वर्षं. तीच मुलगी, तीच जन्मवेळ, रेवतीपक्षाने चंद्र १५ अंशांवर. नक्षत्र भरणी, गण मनुष्य, नाडी मध्य. जन्मतः शुक्राचीच महादशा. ही महादशा एका पत्रिकेत वयाच्या २१ व्या वर्षानंतर संपते, दुसरीत साडेसतराव्या वर्षी.

नक्षत्राची लांबी १३ अंश २० कला, सरकणं ४ अंशांचं. म्हणजे १० जणांतल्या साधारण तिघांचं नक्षत्र नुसतं पंचांग बदललं की बदलतं. नक्षत्र बदललं की दशा बदलते, बहुतेक वेळा गण, योनी आणि नाडीही. ३६ गुणांच्या गुणमेलनातले ८ एकट्या नाडीचे, आणि दोघांची नाडी एक आली की त्या आठांचं शून्य होतं. 'एकनाडी आहे' एवढ्यावर चांगली स्थळं मोडली जातात, मुलीला वर्षानुवर्षं नकार ऐकावे लागतात. ती एकनाडी दुसऱ्या पक्षाच्या पंचांगात कदाचित नसतेच. ज्यांनी पत्रिकेवरून नकार दिला किंवा घेतला आहे, त्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं मला कळकळीने वाटतं.

साडेसातीचंही तसंच. पुदुच्चेरी प्रदेशातल्या तिरुनल्लार इथलं प्रसिद्ध शनिमंदिर वाक्य पंचांग, म्हणजे जुन्या ठरीव सूत्रांवरून काढलेलं पंचांग, मानतं, आणि त्या पंचांगाप्रमाणे शनीचा मीनप्रवेश २०२५ चा नव्हे, २०२६ चा. मेषेच्या माणसाची साडेसाती कधी लागली, हे त्याने कुठलं पंचांग हातात धरलं यावर ठरतं.

मग बरोबर कोणतं?

ग्रहांच्या जागा म्हणाल तर आधुनिक गणित वापरणाऱ्या सगळ्यांचं बरोबर आहे. शून्य सांगितलं की एकाचे आकडे दुसऱ्यात सहज बदलता येतात. प्रश्न भविष्याचा आहे. मेषेतल्या शनीचं फळ आणि मीनेतल्या शनीचं फळ वेगवेगळं सांगितलं जातं, आणि एकाच दिवशी शनी एका हिशोबात मेषेत तर दुसऱ्यात मीनेत असतो. दोन्ही फळं एकाच माणसाला लागू पडतील असं म्हणता येत नाही.

'चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग माणसावर परिणाम का नाही?' असं विचारलं जातं. भरती चंद्राच्या ओढीने येते आणि ती ओढ त्याच्या अंतरावर ठरते, राशीवर नाही. २८ मार्चचा शनी आणि ३० मार्चचा शनी यांत पृथ्वीच्या दृष्टीने काही बदललं नव्हतं. कुंभ आणि मीन यांच्यामधली रेघ आकाशात नाही, आपल्या गणितात आहे.

'अनुभव येतो त्याचं काय?' हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो तपासलाही गेला आहे. १९८५ मध्ये शॉन कार्लसन यांचा प्रयोग 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रिका पाहून तीन व्यक्तिमत्त्वचाचण्यांपैकी योग्य ती ज्योतिषांनी ओळखायची होती. तिनातली एक या अंदाजापलीकडे यश गेलं नाही. ती सायन पद्धत होती. आपल्याकडे पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोण कुठल्या गटातलं हे सांगितलं. बरोबर उत्तरं निघाली ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी सुमारे ५० टक्के आली असती.

हे वाचूनही पत्रिका काढायची असेल, तर निदान ती कशी निघते ते पाहा. मोबाइलवरच्या ज्योतिष अॅपमध्ये सेटिंग्ज उघडा आणि 'अयनांश' शोधा. तिथे लाहिरी, कृष्णमूर्ती, रमण अशी नावं दिसतील. जन्मवेळ तीच ठेवून एकेक निवडा आणि चंद्राचे अंश, नक्षत्र, चालू महादशा यांच्यात काय बदलतं ते कागदावर लिहा. चंद्र नक्षत्राच्या मध्यावर असेल तर अंश आणि दशेच्या तारखा थोड्या सरकतील, पण नक्षत्र बहुधा तेच राहील. काठावर असेल, आणि त्या नक्षत्रावरून कुणी तुमच्या घरातल्या लग्नाचा निर्णय करत असेल, तर तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि त्यांनी कुठला अयनांश धरला व का, हे विचारा.